एमएसने उचल खाल्ली की व्यायामाचं काय करायचं?

माझे वडील लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. तिथले गुरू प्रो. माणिकराव यांचं नाव आमच्या घरात हात जोडून घेतलं जाई, आणि अंग ठणकत असेल तर त्यावर उपाय एकच होता, अजून दहा जोर. घाम निघेपर्यंत थांबायचं नाही, हे मी कळायच्या आधीच शिकले असेन. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणाऱ्या एमएस या आजाराचं, निदान झालं आणि पुढे आजाराने पहिल्यांदा उचल खाल्ली, तेव्हा मी तेच केलं. डावा पाय ओढत अगासीपर्यंत, म्हणजे गच्चीपर्यंत, तीनदा चढले-उतरले. संध्याकाळी वरणभाताचा चमचा तोंडापर्यंत नेता येईना. आईने भरवलं.

त्यानंतरच्या वर्षांत न्यूरोलॉजिस्टकडून, आमच्या फिजिओ बेनकडून आणि स्वतःच्या वहीतून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. एमएस प्रत्येकाचा निराळा असतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच धरून चाला.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण घाबरून अंथरूण धरणारेही मी पाहिले आहेत. पूर्वी डॉक्टरच एमएसच्या रुग्णांना व्यायाम टाळायला सांगत. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रुग्णांकडून १५ आठवडे नियमित एरोबिक व्यायाम करून घेतला गेला, त्यात त्यांची ताकद आणि दम दोन्ही सुधारले, आणि हळूहळू तो सल्ला बदलला. व्यायामाने एमएसचे झटके वाढतात असं दिसलेलं नाही. पण हे सगळं आजार शांत असतानाचं आहे. उचल चालू असताना व्यायामाचं काम वेगळं असतं. सांधे आखडू नयेत, रक्त फिरत राहावं, शरीराला हालचालीची सवय राहावी, एवढंच त्याच्याकडून मागायचं. ताकद कमवायची वेळ नंतर येते.

ही खरी उचल आहे का?

डॉक्टर ज्याला रिलॅप्स म्हणतात त्यात नवं लक्षण येतं किंवा जुनं लक्षण ठळकपणे वाढतं, ते निदान २४ तास टिकतं, आणि त्यामागे ताप किंवा संसर्ग नसतो. आधीच्या झटक्याला ३० दिवस तरी झालेले असतात. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणाला नव्याने सूज आलेली असते.

पण कितीदा तरी असं होतं की पाय जड पडतो, मुंग्या वाढतात, आणि कारण निघतं लघवीचा संसर्ग. म्हणून थकवा अचानक वाढला की पहिलं काम थर्मामीटर लावणं. लघवीला जळजळ, वास, वारंवार जावं लागणं यांतलं काही असेल तर लघवी तपासून घ्या. खोकला, दाढेचं दुखणं, पायाची जखम हेही बघा. ताप असेल तर तो उतरेपर्यंत व्यायाम पूर्ण बंद. आणि खरी उचल वाटत असेल तर अंगावर काढू नका, त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टना फोन करा. वाट बघत आठ दिवस घालवलेली माणसं मला माहीत आहेत, त्यांतली एक मीच.

थकवा कुठला, हेही विचारून घ्या

एमएसचा स्वतःचा थकवा ओळखता येतो. रात्रभर झोपून उठलं तरी तो असतो, काहीही न करता येतो, दुपारी चढतो आणि उकाड्यात अंगावर बसतो. पण सगळा थकवा त्याचाच असतो असं नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, रात्री चार वेळा लघवीला उठणं, मन खचणं, पाय आखडू नयेत म्हणून घेत असलेली बॅक्लोफेनसारखी झोप आणणारी गोळी, यांतलं प्रत्येक कारण वेगळं आणि बऱ्याचदा बरं करता येण्यासारखं असतं. डॉक्टरांना ‘थकवा आहे’ एवढंच सांगू नका. किती वाजता येतो, किती वेळ राहतो, कशाने कमी होतो ते सांगा.

सलाईनचे दिवस

झटका मोठा असेल तर सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सलाईनमधून देतात, रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्याने बरं होण्याचा वेग वाढतो. या दिवसांत एक फसवी गोष्ट घडते. स्टिरॉइडने झोप उडते, अंगात हुरूप येतो, कपाटं आवरावीशी वाटतात. तो हुरूप खर्च करू नका. औषध थांबलं की दोन-तीन दिवसांत तो ओसरतो आणि माणूस गळून जातो. मधुमेह असेल तर साखरही वर गेलेली असते, ती मोजत राहा.

या दिवसांचा व्यायाम पलंगावरच. घोटे वर-खाली दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. पाच दीर्घ श्वास. कूस बदलत राहणं. दुबळा हात चांगल्या हाताने धरून हळूच डोक्यावर नेणं आणि खाली आणणं. बस्स.

गरमीचा हिशेब

बडोद्यात राहणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

मे महिन्यात मी एकदा पोळ्या करत होते. गॅससमोर पंधरा मिनिटं झाली असतील. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यातले रविवारचे लाल आकडे मला करडे दिसायला लागले. उजवा डोळा झाकला तर पार धुऊन निघाल्यासारखे. मला वाटलं, गेला डोळा. आईने गॅस बंद केला, पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला नॅपकिन ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांत लाल पुन्हा लाल झालं.

ही नवी उचल नव्हती. मायलिन झिजलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे जात असतो, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी तो अडू शकतो. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली हे नोंदवलं होतं, श्रम केल्यावर रुग्णांची नजर तात्पुरती मंद होते म्हणून. अंग गार झालं की नजर परत येते आणि तंतूंना कायमची इजा होत नाही. पण त्या वीस मिनिटांत तोल जाऊन पडलात तर हाड मोडतंच. म्हणून व्यायामाआधी अंग गार करायचं. घाम येऊन ते गार होईल याची वाट बघायची नाही.

मी असं करते. वेळ सकाळची, साडेसहा ते आठच्या मधली. तेव्हा शरीराचं तापमानही दिवसातलं कमी असतं आणि हवाही. आधी कोमटाहून थोड्या गार पाण्याने अंघोळ, किंवा नुसते हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार पाण्याने धुणं. माठातल्या पाण्याचे चार-पाच घोट आधी आणि मध्ये मध्ये. मानेवर ओला नॅपकिन, अंगात सुती सैल कपडे, पंखा थेट अंगावर. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत कूलर उत्तम चालतो, पण जुलैच्या दमट हवेत तो खोलीतला ओलावा वाढवतो आणि घाम वाळत नाही. तेव्हा एसी असेल तर एसी, नसेल तर पंखा आणि ओला नॅपकिन. काहींचे स्नायू गारव्याने आखडतात. तुमचं तसं होत असेल तर बर्फ टाळा, साधं पाणी पुरतं.

लघवी आवरत नाही म्हणून पाणी कमी पिणारे पुष्कळ आहेत. तसं करू नका. व्यायामाआधी जाऊन या, पाणी मात्र प्या.

खुर्ची, भिंत आणि ओटा

जागा एकदाच नीट लावून ठेवा. हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून. चाकांची नको, प्लास्टिकची तर नकोच, ती सरकते. पायपुसणं आणि सतरंजी उचलून ठेवा. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, मोजे एकटे घालून फरशीवर चालू नका. फोन हाताला येईल असा. दार आतून कडी लावून बंद करू नका.

आपल्याकडे घरोघरी हिंचका, म्हणजे झोपाळा, असतो. त्यावर बसून पायांनी हलकेच झोका घेणं घोट्यांना चांगलं, हे खरं, पण उचल चालू असताना त्यावर चढणं-उतरणं धोक्याचं आहे. तोल सावरेपर्यंत हिंचका कडीतून काढून ठेवायला सांगा, नाहीतर सवयीने बसाल.

हालचाली

स्टिरॉइड संपून लक्षणं वाढायची थांबली, चार-पाच दिवस आहे तिथेच टिकली, की डॉक्टरांना विचारून पुढचं सुरू करायचं. एका वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली. तीही सलग नकोत, मिनिटभर हालचाल आणि मिनिटभर विश्रांती.

पलंगावर आधी टाच गादीवरून घसटत गुडघा वाकवा आणि सरळ करा, प्रत्येक पाय सहा वेळा. मग जुनी ओढणी तळपायाला अडकवून पाय सरळ ठेवून आपल्याकडे ओढा, पोटरीला ताण बसेल इतकंच, आणि तीस आकडे मोजेपर्यंत धरा. हिसका द्यायचा नाही, हिसक्याने आखडलेला स्नायू आणखी आवळतो. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून वीज गेल्यासारखं होत असेल तर हनुवटी छातीला लावायचे प्रकार सोडून द्या.

खुर्चीत ताठ बसून एकेक गुडघा उचलणं, पाय समोर सरळ करून पाच आकडे धरणं, खांदे मागे फिरवणं. हे सोपं आहे, यावर वेळ घालवत नाही.

सगळ्यात मोलाची हालचाल म्हणजे खुर्चीतून उठून पुन्हा बसणं. शौचाला जाणं, पलंगावरून उतरणं, रिक्षात बसणं, सगळं यावर अवलंबून. फिजिओ बेननी मला हे शिकवायला पूर्ण एक सकाळ घेतली. आधी खुर्चीत पुढे सरकायचं, अर्धी बैठक रिकामी राहील इतकं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे ओढून घ्यायची. मग नमस्काराला वाकल्यासारखं पुढे यायचं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत. मी तिथेच थांबून हातांनी रेटा देऊन उठायला बघायची आणि दर वेळी मागे पडायची. त्या म्हणाल्या, अजून पुढे, पडणार नाही, मी आहे. नाक अंगठ्यांवर आलं आणि बूड आपोआप उचललं गेलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी हात न टेकता उभी राहिले होते. उभं राहिल्यावर तीन आकडे थांबायचं, आणि बसताना धपकन बसायचं नाही, चार आकडे मोजत खाली यायचं. बसतानाच मांड्यांचं खरं काम होतं. पाच वेळा करा, दोन मिनिटं बसा, जमलं तर आणखी पाच. हात टेकावे लागले तर खुशाल टेका.

उभं राहून करायचं ते ओट्याशी. गॅस बंद हवा. दोन्ही तळवे ओट्यावर, मागे खुर्ची. वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, मग टाचा बोटभर उचलायच्या. टाच उचलताना पाऊल आपोआप थडथड उडायला लागलं तर घाबरू नका, टाच जमिनीवर दाबून धरा, थांबतं. त्या दिवशी तो प्रकार पुन्हा करायचा नाही.

किती जोर लावायचा? मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, एमएसमध्ये हृदयाचे ठोके चालवणाऱ्या नसांवरही परिणाम होऊ शकतो आणि आकडा फसवतो. मी बाराचा पाढा मोठ्याने म्हणते. पाढा म्हणता म्हणता हालचाल करता आली पाहिजे. बारा सक बहात्तरला धाप लागली किंवा आकडाच आठवेना, तर बसायचं. थकवा दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचा नाही. फिजिओ बेनचं गुजराती वाक्य मी ओट्यावर चिकटवून ठेवलं आहे: ‘थाक लागे एनी पहेलां बेसी जवानुं.’ म्हणजे थकवा येण्याआधीच बसायचं. थकवा आल्यावर बसणारा उशीर करतो.

दोन तास आणि दुसरी सकाळ

व्यायाम जास्त झाला की बरोबर, हे व्यायाम करताना कळत नाही. मी वहीत तीन वेळा आकडा लिहिते, शून्य ते दहा: सुरू करण्याआधी, दोन तासांनी, आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर. दोन तासांत आकडा पहिल्या जागी आला तर ठीक. आला नाही तर पुढच्या वेळी निम्मं करायचं. दुसऱ्या सकाळीही चढलेलाच असेल तर तो दिवस फक्त घोटे आणि श्वास.

वहीत बाकीची कामंही लिहा, कारण शरीराला व्यायाम आणि घरकाम वेगळं कळत नाही. केस धुवायच्या दिवशी मी व्यायाम करत नाही. दवाखान्याच्या दिवशी नाही, पाहुणे यायच्या दिवशी नाही. महिनाभराची वही बघितली तेव्हा कळलं की मला सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट उभ्याने भाजी चिरणं ही होती. तेव्हापासून बसून चिरते आणि वाचलेली दहा मिनिटं खुर्चीतून उठण्या-बसण्यावर घालवते.

लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं, ते केव्हा

गार होऊन बसल्यावरही नजर, बोलणं किंवा हातापायाची ताकद परत येत नसेल. लघवी अडून राहिली असेल. गिळताना ठसका लागत असेल, श्वास अपुरा पडत असेल, छातीत दुखत असेल. एका पोटरीला सूज, लाली आणि दुखणं असेल, कारण बरेच दिवस पडून राहिल्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि अशा वेळी ती पोटरी चोळायची नाही. अचानक तोंड वाकडं झालं किंवा एक बाजू लुळी पडली तर ‘एमएसचंच असेल’ म्हणून घरी बसू नका, पक्षाघातही असू शकतो. सरळ इमर्जन्सीला जा.

घरच्यांना

थकवा दिसत नाही, हीच मोठी अडचण. सासूबाई मायेनेच म्हणायच्या, ‘जरा बाहेर फिरून ये, मोकळं वाटेल.’ नवरा उलट पाण्याचा पेलाही उचलू द्यायचा नाही. दोघांनाही मी एकदा वही दाखवली. ‘आज सकाळी सात आहे’ असं म्हटलं की आता कोणी वाद घालत नाही. मदत करणाऱ्याला एकच विनंती: उठताना दंड धरून वर ओढू नका, खांदा दुखावतो. शेजारी उभे राहा, हात कमरेपाशी तयार ठेवा, आणि आम्हाला आमचा वेळ घेऊ द्या.

वाढवायचं कधी

सुधारणेचा मोठा भाग पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतो, पण त्यानंतरही हळूहळू चालू राहतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यात निराश होऊ नका. आठवडाभर दुसऱ्या सकाळचे आकडे चढले नाहीत, तर एकच गोष्ट वाढवायची. पाचाचे सहा करा, किंवा दहा मिनिटांची बारा. दोन्ही एकदम नाही. एका जिममधल्या ट्रेनरने मला पहिल्याच दिवशी ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालवलं होतं, ‘मॅडम, मनाने घ्या’ म्हणत. पुढचे चार दिवस मी पलंगावर होते. एमएस माहीत असलेल्या फिजिओशिवाय कोणाच्या हाती शरीर देऊ नका.

आजार शांत झाला आणि अपंगत्व सौम्य ते मध्यम असेल तर पुढचं माप कॅनडाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे: आठवड्यात दोनदा अर्धा तास मध्यम जोराचा एरोबिक व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. तिथवर पोहोचायला मला पाच महिने लागले.

चालणं मी कमाटीबागेत सुरू केलं, डिसेंबरच्या सकाळी. अंतर बाकांनी मोजायचं. पहिल्या दिवशी एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत, तिथे बसायचं, पाणी प्यायचं, पुन्हा पहिल्या बाकाशी यायचं. आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्या अंतरावरून परत फिरायचं, कारण परतीचा रस्ताही चालायचा असतो. मी रिक्षावाल्याला फाटकाशीच थांबायला सांगायचे आणि काठी नेहमी बरोबर ठेवायचे, लागो न लागो. चौथ्या आठवड्यात तिसऱ्या बाकाशी पोहोचले. वहीत त्या दिवशी दुसऱ्या सकाळचा आकडा तीन आहे.